शिवारातला दगड मंगळावरचा वाटला तर काय करायचं

“सर, ह्यो दगड मंगळावरचा हाय काय बघा की.”

खानापूर तालुक्यात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी पिशवीत दगड घालून घरी येणारी माणसं थांबलेली नाहीत. कुणाला रताळी काढताना कुदळीला लागलेला असतो, कुणाला विहिरीच्या खोदाईत मिळालेला, कुणाच्या आजोबांनी देव्हाऱ्यात ठेवलेला. वर्तमानपत्रात मंगळाच्या दगडाच्या लिलावाची बातमी आली की पुढचे दोन-तीन महिने ही वर्दळ वाढते. आजवर माझ्याकडे आलेल्यांत एकही दगड आकाशातून पडलेला निघाला नाही. तरी आलेल्या प्रत्येकाला मी बसवून घेतो, कारण एखाद्या दिवशी खरा येईल, आणि तो आला तर पहिल्या काही तासांत आपण काय केलं यावरच त्याची किंमत ठरणार आहे. त्यासाठीच हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

आधी लाल रंग डोक्यातून काढा

माझ्याकडे येणारे निम्मे दगड लाल किंवा तांबूस असतात. मंगळ लाल, म्हणून त्याचा दगडही लाल, असा सरळ हिशेब. पण मंगळावर लाल आहे ती वरची गंजलेली धूळ. खालचा खडक करडा-काळा आहे. तिथून आलेला ताजा दगड बाहेरून काळा आणि आतून करडा किंवा हिरवट करडा असतो. आपल्याकडचा लाल दगड म्हणजे जांभा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला डोंगरमाथ्यावर तोच पसरलेला आहे. त्यात लोह भरपूर, त्यामुळे त्याचे काही तुकडे हाताला जड लागतात आणि माणूस फसतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मंगळावरून आलेले बहुतेक दगड बसाल्ट जातीचे, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेले. आणि बेळगाव, चिकोडी, निपाणीच्या पायाखाली काय आहे? दख्खनचा बसाल्ट, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. पाटा-वरवंटा ज्याचा करतो, वाड्याच्या जोत्याला जो लावतो, त्याच घराण्यातला मंगळाचा दगड आहे. पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज, ऑलिविन ही खनिजं दोन्हीकडे सापडतात. राजस्थानच्या वाळवंटात एखादा वेगळा काळा दगड चटकन नजरेत भरेल. आपल्या शिवारात काळ्या दगडांच्या राशीतून तसला दगड नुसत्या डोळ्यांनी वेगळा काढणं भूगर्भशास्त्रज्ञालाही जमणार नाही. शिवाय आपल्याकडचा पाऊस. पश्चिमेच्या पट्ट्यात पावसाळे काढलेला उल्कापाषाण फार दिवस ओळखू येण्यासारखा राहत नाही. सहारा आणि अंटार्क्टिकात इतके सापडतात ते तिथल्या कोरड्या हवेमुळे आणि बर्फामुळे.

म्हणून आपल्या भागात खरी शक्यता एकच धरावी: पडताना दिसलेला किंवा पडल्यावर थोड्याच दिवसांत मिळालेला दगड.

हे दगड मंगळाचे, हे कळलं कसं

ही गोष्ट आपल्या देशापासून सुरू होते. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या गया जिल्ह्यात शेरघाटीजवळ मोठा आवाज होऊन सुमारे पाच किलोचा दगड पडला. जगभर तो शेरगॉटी नावाने ओळखला जातो. त्याआधी १८१५ मध्ये फ्रान्समधल्या शासिन्यी गावात एक पडला होता आणि १९११ मध्ये इजिप्तच्या नाखला भागात चाळीसेक दगडांचा वर्षाव झाला. हे तीन प्रकार इतर उल्कापाषाणांसारखे दिसत नव्हते. पण खरं कोडं त्यांच्या वयाचं होतं. लघुग्रहांवरून येणारे दगड सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचे असतात. नाखला मात्र १३० कोटी वर्षांचा निघाला आणि शेरगॉटीच्या घराण्यातले कित्येक तर वीस कोटींहूनही कमी. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा धरला, तर त्यांचं वय त्याच्या अडीच-तीन पटच भरतं, इतके ते तरुण. छोटा लघुग्रह इतका काळ आतून गरम राहूच शकत नाही. लाव्हा वाहत होता म्हणजे तो मोठा ग्रह असणार.

पुरावा मिळाला तो अंटार्क्टिकात १९७९ च्या मोहिमेत सापडलेल्या एका दगडातून. त्यातल्या काचेत थोडा वायू अडकून राहिला होता. अमेरिकेच्या व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळाच्या पृष्ठभागावर उतरून तिथली हवा मोजली होती. १९८३ मध्ये दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले तर ते जुळले. मंगळाची हवा लाखो वर्षं दगडात कोंडून आपल्याकडे आली होती. हे मुलांना सांगताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो.

मंगळावर मोठा अशनी आदळला की काही खडक सेकंदाला पाच किलोमीटरहून जास्त वेगाने वर उडतात आणि मंगळाची ओढ सोडून निघून जातात. मग लाखो-कोट्यवधी वर्षं सूर्याभोवती फिरत राहिल्यावर त्यातला एखादा पृथ्वीच्या वाटेत येतो. नाखला आणि शासिन्यी या दोन्ही घराण्यांतले दगड सुमारे एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वी मंगळावरून उडाले, हेही अवकाशातल्या किरणांनी त्यांच्यात उमटवलेल्या खुणांवरून मोजता आलं आहे.

जगात आजवर नोंद झालेले उल्कापाषाण सुमारे ७७ हजार. त्यात मंगळाचे चारशेच्या आसपास. मंगळावरून यानाने आणलेला एकही दगड अजून पृथ्वीवर नाही. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीने २०२१ पासून नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत, पण त्या नळ्या अजून तिथेच आहेत. आपलं मंगळयान २०१४ मध्ये मंगळाभोवती पोचलं, त्याने वरून पाहिलं, दगड उचलणं त्याचं काम नव्हतं. म्हणजे प्रयोगशाळेत हातात धरून तपासायला मंगळाचा म्हणून जो काही खडक आहे, तो एवढाच.

त्यातल्या दोन दगडांबद्दल सांगायलाच हवं. अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्समध्ये १९८४ साली दोन किलोला थोडा कमी असा एक दगड मिळाला, वय चारशे कोटी वर्षांहून जास्त. १९९६ मध्ये त्यात सूक्ष्म जीवांच्या खुणा असाव्यात असं काही शास्त्रज्ञांनी मांडलं आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनाही त्यावर बोलावं लागलं. आज बहुतेक संशोधक त्या खुणांचा अर्थ जीवांशिवाय लावतात, पण मंगळावर जीव शोधायचा तर कसा, याचा विचार त्या वादाने पार बदलला. दुसरा सहारातला एनडब्ल्यूए (म्हणजे वायव्य आफ्रिका) ७०३४, संग्राहकांच्या तोंडी ‘ब्लॅक ब्यूटी’. वजन जेमतेम ३२० ग्रॅम. त्यातले काही कण चारशे चाळीस कोटी वर्षांचे आहेत आणि मंगळाच्या इतर दगडांच्या मानाने त्यात पाणी कितीतरी जास्त सापडलं. पुढे चुंबकाबद्दल सांगताना हा दगड पुन्हा येईल.

घरच्या घरी काय पाहायचं

हे फक्त जुन्या, सापडलेल्या दगडासाठी. पडताना पाहिलेल्या दगडावर यातलं काहीही करू नका, त्याचं वेगळं खाली आहे.

पहिल्यांदा भोकं बघा. गोल, बुडबुड्यांसारखी भोकं दिसली तर दगड बाजूला ठेवा. आपल्या काळ्या पाषाणात अशी भोकं असतात, काहींत पांढरे किंवा हिरवट स्फटिक भरलेले असतात. दुसरा भोकांचा मालक म्हणजे भट्टीतलं स्लॅग. बेळगावात उद्यमबागला केवढ्या फौंड्र्या आहेत! तिथला टाकाऊ माल भर घालायला, रस्त्याला, पाणंदीला जातो आणि वीस-पंचवीस वर्षांनी नांगराला लागतो. काळा, जड, चकाकणारा, वितळल्यासारखा. माझ्याकडे सगळ्यात जास्त आशेने आणलेले दगड हेच असतात. उल्कापाषाणात अशी भोकं जवळजवळ नसतात.

मग साल पाहा. हवेतून येताना दगडाचा वरचा थर वितळतो आणि गार होताना काळं कवच धरतो. ते अगदी पातळ असतं, साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. कोपरा उडाला असेल तर आतला करडा रंग आणि बाहेरचं काळं कवच यांच्यातली रेघ स्पष्ट दिसते, भाकरीला पापुद्रा सुटावा तशी. आत-बाहेर सगळा सारखाच काळा असेल तर ते कवच नाही. मंगळाच्या काही दगडांचं कवच चक्क चकचकीत असतं, काळ्या वार्निशसारखं. २०११ मध्ये मोरोक्कोत पडलेल्या टिस्सिंटच्या तुकड्यांवर तसं दिसतं. साध्या उल्कापाषाणांचं कवच बहुधा मंद असतं.

फरशीवर ओढून बघणं सोपं. न्हाणीघराच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगडाचा कोपरा तिच्यावर ओढा. विटकरी किंवा लालसर रेघ उमटली तर ते लोहखनिज. काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबक ओढणाऱ्या लोहखनिजाची, शंका घ्यावी. उल्कापाषाण बहुधा रेघ सोडत नाही किंवा फिकट करडी सोडतो. आपल्याकडचे निम्मे उमेदवार इथेच गळतात.

वजनाचा हिशेब करायचा असेल तर ओळखीच्या सोनाराकडे किंवा किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर दगड तोला. मग दोऱ्याने टांगून, बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता पुन्हा तोला. समजा कोरडा ४८० ग्रॅम आणि पाण्यात ३३० भरला. फरक १५०. ४८० ला १५० ने भागलं की ३.२. ही त्याची घनता. मंगळाचे शेरगॉटी जातीचे दगड ३.१ ते ३.४ च्या घरात असतात. आपला घट्ट बसाल्ट २.८ ते ३ च्या आसपास, लोहखनिज चार-पाचपर्यंत जातं. पण पाहा, ३ आणि ३.१ मध्ये अंतर किती? म्हणून घनतेने लोहखनिज नक्की बाजूला काढता येतं, मंगळ मात्र सिद्ध करता येत नाही.

आता चुंबक. सगळीकडे लिहिलेलं असतं, चुंबक लावा, चिकटला तर उल्कापाषाण. साध्या उल्कापाषाणात लोह-निकेल धातूचे कण असतात म्हणून ते चिकटतात, हे खरं. पण मंगळाच्या दगडात असा धातू जवळजवळ नसतो, त्याच्याकडे चुंबक ओढला गेलाच तर अगदी हलका. उलट आपला मॅग्नेटाइट असलेला बसाल्ट चुंबक ओढतो आणि स्लॅग तर खटकन चिकटतं. म्हणजे या कसोटीवर मंगळाचा दगड नापास होईल आणि फौंड्रीचा कचरा पास. त्याहून वाईट म्हणजे चुंबक लावण्यानेच नुकसान होतं. मंगळाला एके काळी चुंबकीय क्षेत्र होतं, त्याची नोंद जुन्या दगडांत राहू शकते. ब्लॅक ब्यूटीच्या तुकड्यांत ती नोंद शोधायला गेलेल्या संशोधकांना २०२३ मध्ये दिसलं की हाताळणाऱ्यांनी लावलेल्या चुंबकांनी ती पुसली गेली आहे. अब्जावधी वर्षं टिकलेली गोष्ट दोन सेकंदांत गेली. मोबाइलच्या स्पीकरमध्ये, पर्सच्या बटणात, फ्रिजवरच्या चित्रांत चुंबक असतो, दगड तिथून लांब ठेवा. बघायचंच असेल तर शाळेतली होकायंत्राची सुई दगडाजवळ न्या आणि ती किती हलते ते पाहा, बस्स.

चुंबक सोडून वरच्या चारही कसोट्यांतून दगड पार पडला तरी तो मंगळाचा आहे असं म्हणता येत नाही. आता प्रयोगशाळेला दाखवण्याजोगा आहे, एवढंच.

तारा पडताना दिसला तर

१९६२ मध्ये नायजेरियात झगामीजवळ एक शेतकरी मक्याच्या शेतातले कावळे हाकलत होता. मोठा आवाज झाला आणि त्याच्यापासून तीनेक मीटरवर दगड येऊन जमिनीत घुसला. तो दगड सुमारे १८ किलोचा, मंगळावरचा. आपल्याकडे जोंधळ्यात पाखरं राखणाऱ्याच्या बाबतीत असं घडणारच नाही, असं कुणी म्हणावं? महाराष्ट्रात काटोलला २०१२ मध्ये आणि गुजरातेत दियोदरला २०२२ मध्ये उल्कापाषाण पडलेच. ते मंगळाचे नव्हते, पण दगड लोकांच्या दारात येऊन पडले.

डोळे दिपवणारा गोळा आकाशातून गेला तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. मग जिथे उभे होता तिथेच उभं राहून गोळा कुठे दिसायला लागला आणि कुठे विझला, हे झाड, टाकी, देवळाचा कळस अशा खुणांनी लक्षात ठेवा, मोबाइलमध्ये त्या दिशेचा फोटो काढा. गोळा विझल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो, तेव्हा दीड मिनिटाने आवाज आला तर तो तुमच्यापासून तीसेक किलोमीटरवर फुटला. आवाजच आला नाही तर तो बहुधा फार लांब होता. “येळ्ळूरच्या गडामागं पडला” असं सांगणारे दहा जण भेटतील, पण गडामागे दिसलेला गोळा प्रत्यक्षात शंभर किलोमीटरवर कोकणात किंवा समुद्रात गेलेला असू शकतो. साधारण वीस किलोमीटर उंचीवर तो विझतो आणि पुढे अंधारात, न चमकता खाली येतो.

दुकानांचे सीसीटीव्ही काही दिवसांत जुनं चित्रीकरण पुसतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच निपाणी, संकेश्वर, बेळगाव जिथे ओळख असेल तिथल्या पेट्रोल पंपावर, दुकानात विचारा आणि ती फीत कॉपी करून घ्या. तीन ठिकाणचं चित्रीकरण मिळालं तर दगड कुठल्या पट्ट्यात पडला असेल, त्याचबरोबर तो सूर्यमालेतल्या कुठल्या कक्षेतून आला, हेही काढता येतं. दगडाइतकीच ही नोंद मोलाची आहे.

दगड मिळाल्यावर पहिला तास

तो धगधगता नसतो. पडलेल्या दगडाने गवत पेटलं, असं कुणी सांगितलं तर मला शंका येते. खालच्या टप्प्यात तो वेग हरवून मोकळ्या हवेतून गार होत येतो. त्यापासून विकिरणाचा किंवा विषाचा काही धोका नाही.

उचलण्याआधी तो आहे तसा, बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवून, चारही बाजूंनी फोटो काढा. मोबाइलच्या नकाशावरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. खड्डा पडला असेल तर त्याची रुंदी, खोली मोजा. मग स्वयंपाकघरातला कोरा ॲल्युमिनियम फॉइल घ्या आणि त्यातूनच दगड उचला. हाताचा घाम, तेल, साबण, सगळं दगडात जातं, आणि नंतर त्यात सेंद्रिय पदार्थ सापडला तर तो मंगळाचा की आपल्या हाताचा, हे कळत नाही. फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. धुवू नका, पुसू नका. पाऊस येत असेल तर मात्र फोटोसाठी थांबू नका, आधी झाकून उचला.

आणि फोडू नका. एकदा दोन भावांनी आत काय आहे बघायला दगडाचे घणाने चार तुकडे करून माझ्याकडे आणले होते. ते स्लॅग होतं म्हणून बरं. खरा असता तर कवच, आकार, पडण्याची दिशा सगळं गेलं असतं.

आपल्याकडे आकाशातून पडलेल्या वस्तूला देव मानायची रीत आहे. शेंदूर, तेल, हळद-कुंकू लागतं. मी या भावनेचा मान राखतो. पण घरच्यांना समजावून सांगा की पूजा पिशवीवर करा, दगडावर नको. तेलाचा एक थेंब आत मुरला की परत काढता येत नाही.

घाई करण्याचं कारण असं आहे. अवकाशातल्या किरणांनी दगडात काही किरणोत्सारी अणू अगदी थोड्या प्रमाणात तयार झालेले असतात आणि त्यातले काही आठवड्यांत-महिन्यांत नाहीसे होतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत हे मोजण्याची सोय आहे. दगड सहा महिने कपाटात ठेवला तर ती नोंद विरून जाते.

कुणाकडे न्यायचा

भारतात पडलेले उल्कापाषाण सांभाळण्याची अधिकृत जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. मुख्यालय कोलकात्याला, कर्नाटक-गोव्याचं कार्यालय बेंगळुरूला. शेरगॉटीचा मोठा भागही त्यांच्याकडेच आहे. पडताना दिसलेला दगड मिळाला की तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पंचनामा करून घ्या. अर्ज कन्नडमधून लिहून घेतला तर काम लवकर पुढे सरकतं, ओळखीतलं कुणीतरी कन्नड शिकलेलं असतंच. मराठीतली एक प्रत स्वतःकडे ठेवा. पोच घेतल्याशिवाय आणि दगडाचं वजन पोचेवर लिहून घेतल्याशिवाय दगड कुणाच्या हाती देऊ नका. सापडलेल्या माणसाचं आणि गावाचं नाव नोंदीत आलं पाहिजे, असं अर्जातच लिहा. उल्कापाषाणाला जवळच्या गावाचं नाव मिळतं. कंग्राळी किंवा कडोली हे नाव जगभरच्या यादीत कायमचं जाऊ शकतं.

जुना, संशयित दगड असेल तर आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्र विभागाला फोटो आणि वरच्या कसोट्यांचे आकडे पाठवावेत, असं मी सांगतो. फोटोवरूनच बहुतेकांचा निकाल लागतो.

प्रयोगशाळेत पुढे काय होतं ते थोडक्यात. दगडाचा कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आदळण्याच्या दाबाने प्लॅजिओक्लेजची काच झालेली असेल तर तिला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ही काच जगाला पहिल्यांदा कळली ती शेरगॉटीच्याच दगडात. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या बुलढाण्याच्या लोणारला अशनी बसाल्टवरच आदळला, त्यामुळे तिथेही मॅस्केलिनाइट मिळतं. मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात ते याचमुळे. म्हणून पायरॉक्सिन आणि ऑलिविनमधलं लोह-मँगनीजचं प्रमाण पाहतात, ते प्रत्येक ग्रहाचं वेगळं असतं. शेवटी ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजतात, तो ग्रहाचा अंगठाच म्हणायचा. हे सगळं जुळलं तर मिटिऑरिटिकल सोसायटी या उल्कापाषाण अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची समिती नाव मंजूर करते, आणि वीस ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा भाग, यात जे कमी असेल तेवढा तुकडा अभ्यासासाठी संस्थेत जमा ठेवावा लागतो.

राइस पुलरवाले

हा विषय मी मुद्दाम वेगळा घेतला आहे, कारण आपल्या सीमाभागात आणि पलीकडे कोल्हापूर-सांगलीतही यात माणसं बुडाली आहेत. विजेने किंवा उल्केने ‘सिद्ध’ झालेलं तांब्याचं भांडं, जे तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम हा दुर्मिळ धातू आहे, नासा ते शेकडो कोटींना घेणार, अशी थाप या टोळ्या मारतात. तांदळाला लोखंडाची भुकटी चोळलेली असते आणि भांड्यात चुंबक. आता त्याच टोळ्या ‘मंगळाचा दगड’ म्हणून येऊ लागल्या तर आश्चर्य नाही. खुणा ठरलेल्या असतात: एखाद्या सरकारी संस्थेचं बनावट पत्र, विकिरणापासून बचावाचा चंदेरी सूट, तपासणीची फी आगाऊ, आणि कुणाला सांगू नका ही अट. इस्रो किंवा नासाच्या नावाने दगड विकत घ्यायला येणारा दलाल ठगच समजा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

मंगळदोषावर ‘खऱ्या मंगळाचा खडा’ म्हणून अंगठी विकणारेही भेटतील. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून हातात उरलेले चार पैसे अशा खड्यावर घालणारे आई-बाप मी पाहिले आहेत. मनापासून सांगतो, त्यात घालू नका.

विकत घ्यायचा असेल तर

मंगळाचा खरा तुकडा घरी ठेवणं सामान्य माणसाला अशक्य नाही, पण लहान तुकडाच. १६ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात एनडब्ल्यूए १६७८८ हा जगातला सर्वात मोठा मंगळाचा दगड, २४.६७ किलोचा, शुल्कासह सुमारे ५३ लाख डॉलरला गेला. रुपयांत पंचेचाळीस कोटींच्या आसपास. ग्रॅमला भागलं तर साडेअठरा हजारांच्या घरात, म्हणजे त्या दिवसांतल्या सोन्याच्या जवळजवळ दुप्पट. तो नायजर देशातून बाहेर कसा गेला, याची चौकशी तिथल्या सरकारने सुरू केली. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: दगड कुठल्या देशातला आणि तिथून बाहेर कसा आला? भारतात पडलेल्या दगडाचा तुकडा कुणी देऊ करत असेल तर घेऊ नका.

छोट्या कापांचा भाव ग्रॅममागे काही हजारांपासून लाखापर्यंत जातो. पडताना दिसलेला दगड सापडलेल्यापेक्षा महाग, कवच असलेला तुकडा कवच नसलेल्यापेक्षा महाग, आणि नाखलासारख्या जुन्या, नामांकित दगडाचा भाव आणखी वेगळा. सहारातल्या साध्या शेरगॉटी जातीपासून सुरुवात करावी. अर्धा ग्रॅमचा काप मिळाला तरी तो शेकडो मुलांना दाखवता येतो.

घेण्याआधी दगडाचं नोंदणीकृत नाव विचारा आणि मिटिऑरिटिकल बुलेटिन या त्याच सोसायटीच्या यादीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. तिथे जात, एकूण वजन, शोधाचं वर्ष, सगळं मोफत दिसतं. नाव नसेल, ‘अजून वर्गीकरण व्हायचं आहे’ असं असेल, तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. उल्कापाषाण संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे आयएमसीएचं, सदस्यत्व विक्रेत्याकडे आहे का तेही पाहा. काप असेल तर ज्या मोठ्या तुकड्यातून कापला त्याचा फोटो मागा. कुपीतली ‘मंगळाची धूळ’ सुरुवातीला नको, ती तपासता येत नाही. परदेशातून मागवताना कस्टमच्या कागदांवर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा, विक्रेत्याने ‘भेटवस्तू’ लिहितो म्हटलं तर नको म्हणा. बिल, वर्गीकरणाचा उतारा आणि आधीच्या मालकाची चिठ्ठी एकत्र जपा. चिठ्ठी हरवली की तुकडा पुन्हा साधा काळा दगड होतो.

आपल्या पावसाळ्यात सांभाळताना

जून ते सप्टेंबर बेळगावची हवा दगडाला मानवत नाही. खानापूर, जांबोटीकडे तर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. रबराची कडा असलेली घट्ट काचेची बरणी किंवा डबी घ्या, तळाला सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि तुकडा तिच्यावर न ठेवता मधे कोऱ्या ॲल्युमिनियम फॉइलचा थर घाला. रंग बदलणारी जेल मिळाली तर उत्तम. निळी जेल गुलाबी झाली की बदलायची, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघायची. मुलांना दाखवताना डबी उघडू नका, बाहेरूनच भिंगाने दाखवा. आणि डबीवर चिठ्ठी लावताना पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत पसरते: दगडाचं नाव, वजन, कधी आणि कुणाकडून घेतला.